दरबाराची भाषा, स्वयंपाकघराची भाषा

१९६२ च्या जानेवारीत नेल्सन मंडेला पासपोर्टशिवाय दक्षिण आफ्रिकेच्या सीमेबाहेर पडले. त्यांना आदिस अबाबातल्या एका परिषदेला पोहोचायचं होतं. खार्टूममध्ये ते इथिओपियन एअरवेजच्या विमानात चढले आणि वैमानिक काळा आहे हे दिसताच त्यांच्या छातीत क्षणभर धस्स झालं. काळ्या माणसाने विमान चालवलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. गोऱ्या राजवटीची शिकवण आपल्याही मनात किती खोल मुरली होती, हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने मान्य केलं आहे. आदिस अबाबात तर सगळंच नवं होतं. सम्राट काळा, सेनापती काळे, आणि नाण्यांवर, वर्तमानपत्रांत आफ्रिकेची स्वतःची लिपी. तिथे राज्याची भाषा अम्हारिक होती. मंडेलांच्या मायदेशी पास तपासणारा पोलीस, तुरुंगाचा पहारेकरी आणि मंत्री हे सगळे आफ्रिकान्स बोलत.

या दोन भाषांचं एकमेकींशी काहीच नातं नाही. आफ्रिकान्स डचमधून निघालेली, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातली. अम्हारिक सेमिटिक, अरबी-हिब्रूच्या कुळातली. तरीही विसाव्या शतकात दोघींच्या वाट्याला एकच भोग आला. राज्यकर्त्यांनी त्या इतरांच्या मुलांवर लादल्या, आणि १९७४ ते १९७६ या काळात त्या सक्तीविरुद्ध साचलेला राग दोन्ही देशांत उघड्यावर आला. मात्र त्या सक्तीतून सुटण्यासाठी दोन देशांनी धरलेल्या वाटा परस्परविरुद्ध आहेत. त्या तशा का, हे कळायला आधी या भाषा वाढल्या कशा ते पाहावं लागतं.

आफ्रिकान्सचा जन्म एका भाजीच्या मळ्याभोवती झाला. ६ एप्रिल १६५२ रोजी यान व्हान रिबेक डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं घेऊन दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशात टेबल बेमध्ये उतरला. पूर्वेकडच्या बटाव्हियाला जाणाऱ्या जहाजांना ताजी भाजी, मांस आणि पाणी पुरवावं, एवढाच कंपनीचा हेतू होता. तिथल्या खोईखोई लोकांशी व्यवहार करायला दुभाषी लागत. त्यांतली सर्वांत नावाजलेली क्रोटोआ ही खोईखोई मुलगी व्हान रिबेकच्याच घरात वाढली. १६५८ पासून गुलामांची जहाजं येऊ लागली. हे गुलाम मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशियाची बेटं आणि सिलोन इथून आणलेले असत, तसेच बंगाल, मलबार आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरूनही. व्हान रिबेकच्या घरी राबणारी ‘बंगालची अँजेला’ कागदपत्रांतून आपल्याला आजही भेटते. १६६६ मध्ये ती गुलामीतून सुटली आणि तिचे वंशज केपच्या नामांकित गोऱ्या घराण्यांतही सापडतात.

हे सगळे लोक स्वयंपाकघरात, तबेल्यात आणि द्राक्षमळ्यात एकमेकांशी मोडक्यातोडक्या डचमध्ये बोलत. पिढ्यामागून पिढ्या त्या डचचे कंगोरे झिजत गेले. क्रियापदाची पुरुषाप्रमाणे बदलणारी रूपं गेली, नामांचं लिंग गेलं. मराठी माणसाला हेवा वाटावा इतकं ते व्याकरण सोपं झालं. नकार मात्र वाक्यात दोनदा येऊ लागला, आणि ‘खूप’ या अर्थाचा रोजचा शब्द मलायातून आला. गोऱ्या शेतकऱ्यांची मुलं गुलाम दायांच्या मांडीवर वाढत, त्यामुळे तीही हेच बोलू लागली. चर्च, कोर्ट आणि शाळा यांची डच वेगळी, शुद्ध. शहरातली सुशिक्षित मंडळी या बोलीला तुच्छतेने ‘स्वयंपाकघराची भाषा’ म्हणत.

ती पुस्तकात उतरली, तेव्हा त्यात केपच्या मुसलमानांचा वाटा मोठा होता. गुलामांच्या या वंशजांनी मदरशांतून मुलांना धर्म शिकवताना हीच घरची बोली अरबी अक्षरांत लिहायला सुरुवात केली. उस्मानी सुलतानाने पाठवलेला अबूबकर एफेंदी नावाचा विद्वान १८६३ मध्ये केपला पोहोचला. त्याने ही बोली आत्मसात केली आणि तिच्यात इस्लामी आचारधर्मावर ग्रंथ लिहिला. तो १८७७ मध्ये इस्तंबूलला छापला गेला. आफ्रिकानर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्यांच्या, राष्ट्रवादाने पुढे लिहिलेल्या इतिहासात या ग्रंथाला जवळजवळ जागाच मिळाली नाही. तिथे भाषेचा आरंभ धरला जाई तो १४ ऑगस्ट १८७५ पासून. त्या दिवशी पार्ल गावात एस. जे. दु त्वा आणि त्यांच्या गोऱ्या सहकाऱ्यांनी ‘खऱ्या आफ्रिकानरांची संस्था’ स्थापन केली, आणि पुढच्या जानेवारीत ‘दी आफ्रिकान्स पेट्रिअट’ हे पत्र काढलं. केपटाऊनचे अभ्यासक अख्मत डेव्हिड्स यांनी मदरशांतल्या वह्या शोधून काढल्या, तेव्हा कुठे या भाषेच्या जन्मकथेतले गाळलेले लोक परत तिच्यात आले.

पार्लच्या मंडळींना एवढा आवेश कुठून आला? तो इंग्रजांमुळे. १८०६ पासून केप ब्रिटिशांकडे होतं आणि १८२० च्या दशकात कोर्टकचेऱ्यांत इंग्रजी सक्तीची झाली. मग ब्रिटिश आणि बोअर, म्हणजे आफ्रिकानर शेतकरी, यांच्यातलं १८९९ ते १९०२ चं युद्ध आलं. ब्रिटिशांच्या छळछावण्यांत सुमारे २६ हजार बोअर बायका-मुलं मेली. काळ्या लोकांच्या वेगळ्या छावण्यांतही हजारो मेले, पण त्यांची नोंद कोणी नीट ठेवली नाही. युद्धानंतर ब्रिटिश प्रशासक लॉर्ड मिल्नरने शाळांतून इंग्रजी रेटली. डच बोलल्याबद्दल मुलाच्या गळ्यात ‘मी गाढव आहे’ अशी पाटी अडकवत, ही आठवण आफ्रिकानर घरांतून पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. या जखमेवर भाषेची चळवळ उभी राहिली. १९२५ मध्ये आफ्रिकान्सला डचच्या जोडीला अधिकृत मान्यता मिळाली, १९३३ मध्ये तिच्यात संपूर्ण बायबल आलं आणि १९४८ मध्ये डी. एफ. मालान यांचा वर्णद्वेषी नॅशनल पक्ष सत्तेवर आला. अवघ्या पन्नास वर्षांत हिणवली गेलेली बोली राज्यकर्त्यांची भाषा झाली होती.

अम्हारिकचं असं नव्हतं. ती सुरुवातीपासूनच सिंहासनाजवळ वाढली. १२७० मध्ये येकुनो अम्लाकने सोलोमनचा वंश सांगत राज्य स्थापलं, तेव्हापासून दरबारात तीच बोलली जाऊ लागली. तिचं नावच पडलं ‘लिसाने नेगुस’, राजाची वाणी. लिहायची भाषा मात्र गेझ, चर्चची पवित्र भाषा. आपल्याकडे संस्कृतचं जे स्थान, तेच तिचं. अम्हारिकने लिपी गेझकडूनच घेतली. तिच्यात प्रत्येक व्यंजनाची स्वराप्रमाणे सात रूपं होतात, म्हणून इथिओपियातलं मूल आपल्या बाराखडीसारखाच तक्ता घोकतं.

अम्हारिकला लेखणीशी जोडणाऱ्या घटनांपैकी एकीचा धागा गोव्यापर्यंत येतो. पेद्रो पाएझ हा जेझुइट पाद्री १५८९ मध्ये गोव्याहून इथिओपियाला निघाला, वाटेत अरबस्तानात पकडला गेला, सात वर्षं कैदेत राहिला, सुटून गोव्याला परतला आणि १६०३ मध्ये अखेर इथिओपियात पोहोचला. लोकांच्या भाषेत शिकवायचं, ही जेझुइटांची रीत होती. त्याच काळात गोव्यात थॉमस स्टीफन्स मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ रचत होते. इथिओपियातही या पाद्र्यांनी गेझ बाजूला ठेवून अम्हारिकमध्ये धर्मचर्चा सुरू केली. सम्राट सुसेन्योस कॅथलिक झाला, देशात यादवी माजली, १६३२ मध्ये त्याने राज्य सोडलं आणि त्याचा मुलगा फासिलिदेस याने पाद्र्यांना हाकलून दिलं. पण त्यांना उत्तर देताना इथिओपियाच्या चर्चलाही लोकांना कळेल अशा अम्हारिकमध्ये लिहावं लागलं होतं.

एकोणिसाव्या शतकात सम्राट तेवोद्रोस दुसरा याने बखर आणि पत्रव्यवहार अम्हारिकमध्ये आणला. १८६२ मध्ये त्याने व्हिक्टोरिया राणीला अम्हारिकमध्येच पत्र लिहून मैत्री आणि मदत मागितली. लंडनच्या कचेरीत ते तसंच पडून राहिलं. उत्तर येईना, तेव्हा संतापलेल्या सम्राटाने ब्रिटिश वकिलाला आणि मिशनऱ्यांना कैद केलं. मग जी मोहीम निघाली, तिची तयारी मुंबईत झाली. तिचा प्रमुख रॉबर्ट नेपियर हा मुंबई सैन्याचा सेनापती होता, आणि फौजेबरोबर हिंदुस्थानातून ४४ हत्तीही गेले. १३ एप्रिल १८६८ रोजी मग्दलाचा किल्ला पडला आणि तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली. किल्ल्यातली हस्तलिखितं लुटीत गेली. त्यांतली शेकडो लंडनच्या संग्रहात जमा झाली.

पुढे सम्राट झालेला मेनेलिक याची गोष्टही भाषेशी बांधलेली आहे. मे १८८९ मध्ये त्याने इटलीशी वुचाले इथे तह केला. तहाच्या दोन प्रती होत्या. अम्हारिक प्रतीप्रमाणे परराष्ट्र व्यवहारात सम्राटाला इटलीची मदत घेता येणार होती. इटालियन प्रतीप्रमाणे ती घेणं त्याच्यावर बंधनकारक होतं, म्हणजे इथिओपिया इटलीचा अंकित ठरत होता. मेनेलिकने तह धुडकावला आणि १ मार्च १८९६ रोजी अडवाच्या लढाईत इटालियन सैन्याचा पराभव केला. युरोपीय सत्तांनी जवळजवळ सगळा आफ्रिका खंड वाटून घेतला असताना एक देश आणि त्याची राजभाषा स्वतंत्र राहिली. अम्हारिक बोलणाऱ्यांना तिचा अभिमान वाटतो तो एवढ्यासाठी, आणि तो खरा आहे.

पण मेनेलिकच्याच फौजा दक्षिणेकडेही गेल्या होत्या. ओरोमो, वोलायता, काफा यांचे प्रदेश जिंकून तिथल्या जमिनी बंदूकधारी शिपायांना वाटण्यात आल्या. या ‘नेफ्तेन्या’ वसाहतींबरोबर अम्हारिकमधली कोर्टं आली. आपल्याच गावच्या जमिनीचा दावा लढवायला ओरोमो शेतकऱ्याला दुभाषा लागू लागला. ओनेसिमोस नेसिब हा लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला ओरोमो. त्याने आस्तेर गन्नो या बाईच्या मदतीने १८९९ मध्ये संपूर्ण बायबल ओरोमोत आणलं. म्हणजे या भाषेला लेखणी मिळाली होती, राज्याने तिला शाळेत येऊ दिलं नाही.

सम्राट हैले सेलासी यांच्या काळात हे धोरण पक्कं झालं, आणि त्यामागे एक ताजा अनुभव होता. १९३६ ते १९४१ या काळात इटलीने देश बळकावला, तेव्हा मुसोलिनीच्या अधिकाऱ्यांनी वंशावरून प्रांत पाडले आणि स्थानिक भाषांना उत्तेजन दिलं. फोडा आणि झोडा, हाच त्यामागचा डाव होता. सम्राट परत आले ते अनेक भाषा म्हणजे फाटाफूट, ही खूणगाठ मनाशी बांधून. १९४४ च्या हुकमाने मिशनरी शाळांतही शिक्षणाची भाषा अम्हारिक ठरली, तर १९५५ च्या राज्यघटनेने तिला साम्राज्याची अधिकृत भाषा केलं. एरिट्रिया १९५२ मध्ये संघराज्य म्हणून जोडला गेला, तेव्हा त्याच्या तिग्रिन्या आणि अरबी या दोन राजभाषा होत्या. दशकभरात अम्हारिकने त्यांची जागा घेतली. १९६२ च्या नोव्हेंबरात ते संघराज्यच मोडीत निघालं, आणि एरिट्रियातलं सशस्त्र बंड त्यानंतर १९९१ पर्यंत चाललं.

हे घडत होतं त्याच वर्षी मंडेला आदिस अबाबाजवळ कोल्फेच्या छावणीत बंदूक चालवायला शिकत होते. त्यांची व्यवस्था पाहणारे कर्नल तादेसे बिरू ओरोमो होते. निरोप देताना त्यांनी मंडेलांना एक पिस्तूल आणि २०० गोळ्या भेट दिल्या. ५ ऑगस्ट १९६२ रोजी मंडेला पकडले गेले आणि पुढे २७ वर्षं तुरुंगात राहिले. बिरूंचं आयुष्यही लवकरच पालटलं. ते देशाच्या साक्षरता मोहिमेचं काम पाहत. असं सांगितलं जातं, की त्यांना अम्हारा समजून पंतप्रधानांनी बजावलं, ओरोमोंना फार शिकवू नका. बिरू ओरोमोंच्या ‘मेचा-तुलामा’ या स्वावलंबन संघटनेत गेले, १९६६ मध्ये पकडले गेले, आणि सम्राट गेल्यानंतर १९७५ मध्ये नव्या लष्करी राजवटीने त्यांना ठार केलं. मंडेलांना स्वातंत्र्यासाठी लढायला शिकवणारा माणूस स्वतःच्या भाषेच्या लोकांसाठी उभा राहिला आणि मारला गेला. या इतिहासातलं हे पान वाचताना मला सर्वांत जास्त त्रास होतो.

१९६९ मध्ये वल्लेलिन्ये मेकोनन या विद्यार्थ्याने आदिस अबाबाच्या विद्यापीठात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. इथिओपिया हे एक राष्ट्र नसून अनेक राष्ट्रांचा समूह आहे आणि इथिओपियन म्हणवून घ्यायला अम्हारा मुखवटा चढवावा लागतो, असा त्याचा आशय होता. लेखक स्वतः अम्हारा होता, म्हणून त्या शब्दांना वजन आलं. पुढे वोल्लो प्रांतातल्या दुष्काळात माणसं मेली, राजदरबाराने ते झाकलं, आणि १२ सप्टेंबर १९७४ रोजी हैले सेलासी पदच्युत झाले. क्रांती एकट्या भाषेमुळे झाली नाही. पण तिच्या मागण्यांत जमिनीखालोखाल ‘राष्ट्रीयतांचा प्रश्न’ होता, आणि त्याच्या मुळाशी भाषा होती.

त्याच १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने काळ्यांच्या शाळांसाठी हुकूम काढला: सातव्या वर्गापासून गणित आणि सामाजिक शास्त्रं आफ्रिकान्समधून, विज्ञान इंग्रजीतून. शिक्षकांनाच आफ्रिकान्स धड येत नव्हती, आणि मुलांच्या कानी ती पडे ती पोलिसाच्या तोंडून. १९७५ च्या ऑक्टोबरात पार्लच्या डोंगरावर आफ्रिकान्स भाषेचं भव्य स्मारक खुलं झालं. मे १९७६ मध्ये काळ्यांच्या सोवेटो वस्तीतल्या एका शाळेत संप सुरू झाला. धर्मगुरू डेसमंड टूटू यांनी पंतप्रधान फोर्स्टर यांना पत्र लिहून बजावलं, की रक्तपात जवळ आला आहे. ते पत्र फोर्स्टर यांनी उडवून लावलं.

१६ जून १९७६ च्या सकाळी त्सिएत्सी मशिनिनी आणि इतर विद्यार्थी नेत्यांच्या मागे हजारो मुलं गणवेशात रस्त्यावर आली. ऑर्लँडो वेस्टजवळ पोलिसांनी गोळीबार केला. बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनला उचलून धावणारा मुलगा आणि शेजारी आक्रोश करणारी हेक्टरची बहीण, हे सॅम न्झिमा यांनी टिपलेलं छायाचित्र जगभर गेलं. उठाव देशभर पसरला. सरकारच्याच चौकशी आयोगाने मृतांचा आकडा ५७५ दिला. तीन आठवड्यांत सरकारने हुकूम मागे घेतला आणि माध्यम निवडण्याची मोकळीक शाळांना दिली. शाळांनी निवडली इंग्रजी.

झुलू किंवा सोथो का नाही? आपल्याला मातृभाषेतून शिक्षण हे न्यायाचं तत्त्व वाटतं, म्हणून हा प्रश्न आपल्याला अधिक टोचतो. उत्तर वर्णद्वेषी राजवटीच्या धोरणात आहे. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यानंतर काळ्या मुलांना प्राथमिक शाळाभर मातृभाषाच होती. तिचा उपयोग केला गेला तो त्यांना जमातीजमातींत वेगळं ठेवण्यासाठी, जमातवार आखलेल्या ‘होमलँड’मध्ये ढकलण्यासाठी, मोठ्या नोकऱ्यांपासून आणि जगापासून तोडण्यासाठी. मातृभाषेचीच भिंत बांधली गेली, म्हणून भिंतीपलीकडे पाहणारी खिडकी इंग्रजी वाटली. इथिओपियात उलट घडलं. तिथे सरकार सगळ्यांना एका भाषेत विरघळवत होतं, त्यामुळे वेगळं राहण्याचा हक्क हीच मुक्ती ठरली. लष्करी राजवटीने १९७९ नंतर १५ भाषांतून साक्षरता मोहीम चालवली, पण लिपी सर्वांना गेझचीच ठेवली. १९९१ मध्ये ती राजवट कोसळली आणि काही महिन्यांतच ओरोमो विद्वानांनी लॅटिन लिपी निवडली. दीर्घ स्वर आणि द्वित्त व्यंजनं जुन्या लिपीत नीट दाखवता येत नाहीत, हे कारण होतंच. राजदरबाराच्या सावलीतून बाहेर पडणं हेही होतं.

या काळात राजवट आणि भाषा यांना एकच समजणाऱ्यांनी लेखकांकडे पाहायला हवं होतं. आफ्रिकान्समध्ये लिहिणारे ब्रेटन ब्रेटनबाख सात वर्षं तुरुंगात होते, आंद्रे ब्रिंक यांच्या कादंबरीवर बंदी आली, आणि अ‍ॅडम स्मॉल केपच्या सावळ्या गरिबांच्या बोलीत कविता लिहीत होते. अम्हारिकमध्ये ब’आलू गिर्मा यांनी, ज्यांचे वडील भारतीय आणि आई इथिओपियन होती, एरिट्रियातल्या युद्धावर ‘ओरोमाय’ ही कादंबरी लिहिली. १९८४ मध्ये ते बेपत्ता झाले, ते परत आलेच नाहीत. मंडेलांनी रॉबेन बेटावर चिकाटीने आफ्रिकान्स शिकून घेतली. २४ मे १९९४ रोजी नव्या संसदेपुढच्या भाषणात त्यांनी इंग्रिड योंकर या आफ्रिकान्स कवयित्रीची, सैनिकांच्या गोळीने मेलेल्या काळ्या मुलावरची कविता इंग्रजी अनुवादात वाचून दाखवली.

इथिओपियाच्या १९९४ च्या घटनेने सर्व भाषांना समान मान्यता देऊन अम्हारिकला केवळ केंद्राच्या कामकाजाची भाषा ठेवलं. ओरोमिया प्रदेशात एक पिढी प्राथमिक शिक्षण आपल्या भाषेत घेऊन मोठी झाली, हे मोठंच यश आहे. मात्र केंद्राच्या नोकरीचं दार अम्हारिकमधूनच उघडत राहिलं. २०२० मध्ये ओरोमो, तिग्रिन्या, सोमाली आणि अफार यांनाही केंद्रात स्थान देण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी तिग्राय युद्ध पेटलं. त्या युद्धाची कारणं सत्तेची होती, पण भाषेवरून पाडलेल्या प्रांतांच्या सीमांनी ते अधिक कडवट केलं.

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या घटनेने ११ भाषांना अधिकृत दर्जा दिला, तरी संसद, विद्यापीठं आणि कंपन्या इंग्रजीतच चालतात. आफ्रिकान्स एकामागून एक विद्यापीठांतून मागे सरकली. २०११ च्या जनगणनेत तिला घरची भाषा म्हणणारे सुमारे ६८ लाख लोक होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक गोरे नव्हते. केपटाऊनच्या केप फ्लॅट्स वस्त्यांतल्या अशा लोकांच्या ‘काप्स’ बोलीला शाळेत अशुद्ध म्हणूनच गुण कापले जात. २०२१ मध्ये केपटाऊनमध्ये तिच्या कोशाचं काम सुरू झालं: काप्स, इंग्रजी आणि आफ्रिकान्स अशा तीन भाषांचा कोश. त्याच्यामागे वेस्टर्न केप विद्यापीठ आहे आणि त्या वस्त्यांतले हिप-हॉप कलाकार आहेत.